गेंड्यांचे नऊ हंगाम

५ मार्च

मुला,

आशीर्वाद आहेतच, ते काही माझ्या रागावर अवलंबून नसतात. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. कागदावर निदान माझं बोलणं मधेच तोडता येत नाही तुला.

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. तू परत येणार नाहीस, वकिलाचे कागद येतील, आणि कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाका. संसाराला दीड ओळ, कॉम्प्युटरला अर्धी. वाटणी बरी केलीस.

कॉम्प्युटर दिलेला नाही. तेच सांगायला बसले आहे. तुझे गेंडे जिवंत आहेत.

तू परदेशी गेलास तेव्हा त्या लीगचं काय होणार याचा विचार माझ्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. ती तुझी 'गेंडे' नावाची अमेरिकन फुटबॉलची टीम, म्हणजे ना मैदान, ना घाम, ना माणसं. सगळं कॉम्प्युटरच्या पोटात. कुठले कुठले बारा मालक, प्रत्येकाची एक टीम, खेळाडूंची नावंसुद्धा यंत्रानेच पाडलेली. कुणाला खेळवायचं, काय चाल करायची हे मालकांनी आधी सांगून ठेवायचं आणि रविवारी दुपारी तो लीग चालवणारा भूगोलाचा मास्तर बटण दाबणार, की सामना आपला आपण खेळला जाणार आणि ओळीमागून ओळ पडद्यावर सरकणार. मी त्याला मोठ्या माणसांची भातुकली म्हणायचे आणि तू चिडायचास.

गेल्या महिन्यात मास्तरांचा मेल आला. गेंड्यांचा मालक बरेच रविवार गायब आहे, उत्तर आलं नाही तर टीम बंद करून खेळाडू इतरांत वाटून टाकू. तो मेल तुझ्या बायकोने वाचला. बसच्या डेपोत कामाला म्हणून तू तिला चिडवायला 'डेपोवाली' म्हणायचास ना, मीही आता तेच म्हणते. फक्त माझ्या तोंडून ते वेगळं वाजतं.

मी म्हटलं, "ज्याने टाकलं त्याचं टाकलेलं तू कशाला उचलतेस?"

ती म्हणाली, "आई, त्रेपन्न माणसं आहेत. खोटी असली म्हणून काय झालं, अशी वाऱ्यावर सोडवत नाहीत."

आणि तिने मास्तरांना लिहून टाकलं, की आजपासून मी बघते.

मग तिने तुझे पाचही हंगाम मला वाचून दाखवले. लीगच्या पानावर सगळं असतं म्हणे. पहिल्यात तू नवखा होतास, बहुतेक सामने हरलास, त्यात काही नवल नाही. दुसऱ्यात सावरलास. तिसऱ्यात उपांत्य फेरी गाठलीस. तो रविवार मला आठवतो, घरभर असा फिरत होतास की शेजारीण विचारून गेली, बारसं कधी म्हणून. खरंच छान टीम बांधली होतीस. डेपोवाली म्हणाली, "हे सोपं नसतं, आई. शून्यातून केलंय त्याने."

चौथ्यात तुला घाई झाली. पुढच्या दोन हंगामांत मिळणारी नवी पोरं आधीच देऊन टाकलीस आणि चेंडू फेकणारा एक नामांकित गडी आणलास. तिसऱ्याच सामन्यात त्याचा खांदा गेला. पाचव्यात तू हरायला लागलास, मास्तरांशी भांडलास, यंत्राला नावं ठेवलीस आणि अर्ध्यातच बघणं सोडून दिलंस.

हे वाचून तिने पान बंद केलं. आम्हा दोघींनाही दुसरंच काहीतरी वाचल्यासारखं झालं.

जेवण वेळेवर कर.

आई

२० सप्टेंबर

मुला,

उत्तर नाही आलं. हरकत नाही, मला लिहायची सवय लागते आहे.

सहावा हंगाम संपला. तुझ्या भाषेत सांगायचं तर वाट लागली. एक सामना जिंकलो, बाकी सगळे हरलो. तरी मी हा हंगाम कधी विसरणार नाही.

आधी सांगते, मला आता खेळ कळतो. चार खेपांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार खेपा मिळतात, नाही तर चेंडू समोरच्याच्या हातात. मी डेपोवालीला म्हटलं, "हा तर महिनाअखेरीचा संसार झाला." ती इतकी हसली की चहा सांडला. पुष्कळ दिवसांनी हसली.

शेवटून पहिल्या आलेल्या टीमला नव्या पोरांमधून पहिली निवड मिळते. तुझ्या कृपेने ती आपल्याकडे होती, कारण तेवढी एक निवड तू द्यायची विसरला होतास. सगळ्यांची नजर एका फेकणाऱ्यावर होती. तिने निवडला एक धिप्पाड गडी, ज्याचं काम फक्त उभं राहायचं आणि फेकणाऱ्यावर धावून येणाऱ्यांना अडवायचं. त्याचं यंत्राने पाडलेलं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, मी त्याला खांब म्हणते. तिकडे गप्पांच्या खिडकीत सगळे मालक खिदळले. एकाने लिहिलं, गेंडेवाल्या बाईंना कुणीतरी नियम समजावून सांगा.

मलाही जरा वाईट वाटलं. म्हटलं, "तो चांगला फेकणारा घ्यायचा होतास की."

"आई, रस्ता खचलेला असताना नवी कोरी बस घेऊन काय करू?"

तिच्या कामाचं तुला कधी काही वाटलं नाही. दिवसभर ती डेपोच्या ड्युटीच्या खोलीत बसते. कुठली गाडी कुणाच्या हातात द्यायची, कोण आजारी आहे, कोण आजारी असल्याचं सांगतो आहे, कुणाचं घरी भांडण झालंय म्हणून त्याला आज घाटात पाठवायचं नाही. ती नेहमी तेच तर करत आली. इथे फक्त बसच्या जागी गेंडे आले.

तुझा तो खांदा गेलेला, म्हातारा फेकणारा होता ना, त्याला सगळे काढून टाका म्हणत होते. यंत्रही म्हणत होतं. तिने ठेवला आणि एका कोवळ्या पोराला त्याच्या हाताखाली दिलं. मी त्याला आजोबा म्हणते. आजोबांना दहा यार्डांच्या पुढे फेकता येत नाही, पण पोरगं आठवड्याआठवड्याला सुधारत होतं, त्याचे आकडे वर चढताना दिसायचे. डेपोतही ती नव्या ड्रायव्हरला जुन्याच्या शेजारी बसवूनच पाठवते म्हणे.

आणि हरल्यावर ती काय करायची ते सांगते. तू हरलास की कॉम्प्युटरचं झाकण आपटायचास. ती जिंकलेल्या मालकाला अभिनंदन कळवायची आणि एकच प्रश्न विचारायची, "आमचं कुठलं दुखणं हेरलंत?" मला वाटलं, कोण सांगेल? पण पुरुषांना जिंकल्यावर बोलायला एक कान हवा असतो. पानंच्या पानं लिहायचे. हंगाम संपेपर्यंत तिचे अकरा मास्तर झाले होते आणि त्यांच्यापैकी निम्मे तिला मनापासून मानायला लागले होते.

जो एक सामना जिंकलो तो पहिल्या क्रमांकाच्या टीमविरुद्ध. ज्याने नियम समजावून सांगा म्हटलं होतं, त्याचीच ती टीम. तिने त्याला विचारलं नाही, की आता कुणी कुणाला समजावायचं. मी मात्र खिडकीत लिहिणार होते, तिने माझा हात धरला.

वकिलाचे कागद आले. कामाला जाण्याआधी उभ्या उभ्या सही केली तिने आणि संध्याकाळी येताना स्वतः टपालात टाकून आली. मग जागा बघायला लागली. म्हणाली, "आता मी इथे राहणं बरं दिसत नाही." मी म्हटलं, हंगाम संपेपर्यंत थांब. हंगाम संपला. मी म्हटलं, आता पुढचा तोंडावर आलाय, धावपळीत कुठे जातेस.

खरं सांगते, सुरुवातीला माझ्या मनात होतं, की टीम राहिली तर तू कधीतरी डोकावशील. म्हणून मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसायला लागले. आता त्या खुर्चीला दुसरं कारण लागत नाही. मला रविवार आवडतो.

आई

१५ फेब्रुवारी

मुला,

सातवा हंगाम. जेवढे जिंकले तेवढेच हरले. त्यातला एक सामना मी हरवला आहे, तेव्हा तो माझ्याकडूनच ऐक.

त्या रविवारी चढावर दोन गाड्या बंद पडल्या आणि डेपोतून तिला बोलावणं आलं. निघता निघता म्हणाली, "आई, आपल्या खारीचा पाय दुखावलाय. तिला बाकावर बसवा, तिच्या जागी दुसरा टाका. बाकी सगळं भरून ठेवलंय." खार म्हणजे आपला चेंडू घेऊन पळणारा. हे नाव माझंच, पळतोच तसा.

मी शिवायला घेतलेले गिऱ्हाइकाचे पडदे बाजूला ठेवून कॉम्प्युटरपुढे बसले. यंत्र म्हणत होतं, खेळू शकेल पण धोका आहे. माझ्या मनाने घेतलं, एवढा महत्त्वाचा सामना, खेळू शकेल म्हणतंय तर खेळू दे. मी खारीला आत ठेवलं. पहिल्या अर्ध्या भागात काय पळाली म्हणून सांगू. मी खुर्चीतून उठून उभी. मग एक ओळ सरकत आली, गुडघा, उरलेला हंगाम बाहेर. सामनाही गेला.

ती आली ती ग्रीसने माखलेली. बसली, सगळ्या ओळी वरपासून वाचल्या. मी स्वयंपाकघरात उगाच भांडी घासत होते.

"आई, का खेळवलंत त्याला?"

"जिंकायचं होतं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "जिंकायचं नसतं तर रागावले असते."

मला वाटलं संपलं. पण ती तशीच पडद्याकडे बघत बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मला खारीचं एवढं नाही वाटत. तो दुसरा, बाकावर बसलेला. तीन हंगाम वाट बघतोय. अशा माणसाला आपण सांगतो, थांब, तुझी वेळ येईल. आणि मग तो आहे हेच विसरून जातो."

मी शिलाईचं मशीन सुरू केलं. मला तेव्हा आवाज हवा होता.

पुढचे सगळे सामने तिने त्या बाकावरच्यालाच खेळवलं. साधाच होता, खारीसारखा नाही पळायचा, पण खांबाच्या आडोशाने दोन यार्ड, तीन यार्ड करत सरकायचा. हंगाम अखेरीला लीगमधल्या पहिल्या पाचांत आला. मास्तरांनी विचारलं, हा तुमच्याकडे कधीपासून होता? ती म्हणाली, "मी यायच्या आधीपासून. आधीच्या मालकाने निवडलाय."

तुझ्या गैरहजेरीत, तुझ्याबद्दल कुणी वाकडं बोलायला टपलेलं असताना, ती हे म्हणाली. लक्षात ठेव.

आई

३ ऑगस्ट

तुला आज नुसतं मुला म्हणायलाही जीव होत नाही. तरी लिहिते.

आठवा हंगाम तू बघत होतास, हे आता कळलं. उपांत्य फेरीपर्यंत गेलो आणि एका गुणाने हरलो. आजोबा निवृत्त झाले. यंत्राने एका ओळीत कळवलं, पण खिडकीत सगळ्या मालकांनी त्यांना मानवंदना दिली. जो कधी जन्मालाच आला नाही त्या माणसासाठी अकरा शहाणी माणसं हळवी झाली. त्यांच्या हाताखालचं पोरगं आता लीगमधला उत्तम फेकणारा आहे. सगळे म्हणतात, पुढचा हंगाम गेंड्यांचा.

आणि नेमकं तेव्हा तुला आठवलं, की टीम तुझी आहे.

तुझं पत्र मास्तरांनी तिला पाठवलं. 'मी ती टीम सुरू केली, पाच हंगाम राबलो, माझ्या परवानगीशिवाय ती दुसऱ्याने घेतली.' परवानगी म्हणे. कॉम्प्युटर देऊन टाका असं लिहिणारा हात तुझाच होता ना?

मास्तर सज्जन माणूस. त्यांनी मालकांना विचारलं. नऊ जणांनी सांगितलं, की टीम द्यायची नाहीच, पण जो हंगामाच्या मध्यावर सोडून गेला त्याला लीगमध्ये पुन्हा पाऊलही ठेवू देऊ नका. मग मास्तरांनी तिला लिहिलं, तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा, तुमचा शब्द शेवटचा.

मी म्हटलं, "लिही चांगलं खणखणीत. मी सांगते तसं लिही."

"तुम्ही त्याच्या आई आहात."

"म्हणूनच."

तिने दोन दिवस घेतले. शनिवारी ओट्याशी भाजी चिरता चिरता मला म्हणाली, "टीम मी देणार नाही, आई. ती त्याची होती, त्याने ठेवली नाही. आता माझी आहे." इतक्या सरळ आवाजात बोलली, की मला पदर नीट करावासा वाटला. आणि मग म्हणाली, "पण त्याला बाहेर ठेवणंही मला पटत नाही. शून्यातून टीम उभी करता येते त्याला. टिकवता येत नाही, ते शिकायला हवं. बगळ्यांचा मालक सोडून चाललाय. सगळ्यात वाईट टीम आहे. ती द्या म्हणते."

"ते नऊ जण ऐकतील?"

"माझ्या जबाबदारीवर."

तिने तसंच लिहिलं आणि ते ऐकले. तुला परत घेतलंय ते तिच्या शब्दावर, हे मास्तर तुला सांगणार नाहीत, कारण तिने सांगू नका म्हटलंय. मला कुणी तसं म्हटलेलं नाही.

बगळे घ्यायचे असतील तर घे. नसतील तर राग राग करत बस. पण गेंड्यांकडे पुन्हा बोट दाखवलंस, तर ते मोडायला मी येईन. तिकीट काढून येईन.

आई

२८ जानेवारी

मुला,

तुझं पत्र आलं. तुझं अक्षर बघून मी पाकीट आधी नुसतंच हातात धरून बसले. मग उघडलं.

तू बगळे घेतलेस तेव्हा मला वाटलं होतं, दोन रविवार टिकशील. चौथ्या रविवारी गेंड्यांशी सामना होता. तिने काही दयामाया दाखवली नाही. अर्धा सामना व्हायच्या आत निकाल लागला होता. मला बघवेना. मी म्हटलं, "राखीव पोरं उतरवायचा हुकूम आधीच द्यायचा होतास."

"असं केलं असतं तर त्याचा अपमान झाला असता," ती म्हणाली.

मी आत जाऊन पडद्यांच्या कडा दुमडत बसले. तू आता झाकण आपटणार आणि संपलं, हे मला इथून दिसत होतं. पुढच्या रविवारी मी भीत भीतच बगळ्यांचं पान उघडायला लावलं. तू होतास. पुन्हा हरलास. त्याच्या पुढच्याही रविवारी होतास. हरत हरत तू आख्खा हंगाम काढलास आणि शेवटून दुसरा आलास. गेंड्यांच्या सगळ्या विजयांपेक्षा मला त्या दुसऱ्याचं जास्त वाटलं, पण हे मी तिच्यापुढे बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती, बगळ्यांचा निकाल ती माझ्याआधी बघायची.

अंतिम सामना तू पाहिलास, तरी मी सांगणारच, कारण तुझ्याकडे नुसत्या ओळी आल्या आणि मी तिचं तोंड बघत होते. शेवटची खेप, शेवटच्या रेषेला एक यार्ड बाकी, आपण तीन गुणांनी मागे. चेंडूला लाथ मारून तीन गुण घेत बरोबरी साधता येत होती, खिडकीत सगळे तेच म्हणत होते. पण हुकूम तिने आदल्या दिवशीच देऊन ठेवला होता. एक यार्ड उरला तर पळायचं, आणि तेही त्या बाकावरून आलेल्या साध्या गड्याने. ओळ सरकायला उशीर झाला. ती ओठ मुडपून बसली होती, हात मांडीवर, देवापुढे जोडतात तसे नाही, परीक्षेच्या निकालाची वाट बघताना ठेवतात तसे. मग ओळ आली. रेषेच्या पार, गेंडे जिंकले.

ती ओरडली नाही. खुर्चीत मागे टेकली आणि डोळे मिटून घेतले. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो तिने किती तरी वेळ तिथेच धरून ठेवला.

खिडकीत अभिनंदनाचा पाऊस. तुझं सगळ्यात शेवटी आलं, 'टीम चांगली बांधलीस.' तिने वाचलं. मग तिने लिहिलं, 'धन्यवाद. तुमची डावी बाजू सुधारते आहे.' तुला लग्नाआधीपासून 'तू' म्हणणारी मुलगी 'तुम्ही' म्हणाली. इतर मालकांना म्हणते तसंच. ते तुला लागलं असेल, हे तुझ्या पत्रावरून कळतंय. लागू दे. ती जागा तुला तिच्या मनात परत मिळाली आहे, बारांतल्या एकाची. त्याच्याहून मोठी मागायचा हक्क तुला नाही, आणि त्याच्याहून लहान तिने दिली नाही.

आता घरची बातमी. तिला दुसऱ्या गावच्या डेपोत वरची जागा मिळाली. सांगायला आली तेव्हा पत्र हातात चुरगळलेलं.

"आई, एक तारखेपासून हजर व्हायचंय."

"मग हो की."

"तुम्ही?"

मी म्हटलं, "मशीन उचलायला दोन माणसं लागतील. ती बघ आधी."

आम्ही आलो. दोन खोल्या आहेत, उजेड चांगला आहे, समोर दवाखाना आणि त्याच्या सगळ्या खिडक्या बिनपडद्याच्या, म्हणजे माझं काम लागलंच. घराच्या पाटीवर दोघींची आडनावं आहेत. पोस्टमनने विचारलं, तुमचं नातं काय? ती म्हणाली, "आई आहेत." मी म्हटलं, "मुलगी आहे." कागदावर काय आहे ते त्याला कशाला?

तू विचारलं आहेस, एवढं हरल्यावर पुन्हा उभं कसं राहायचं, आणि तिला तुझ्याशी बोलावंसं वाटेल का. पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्याचं मी देणार नाही, ते तिचं आहे. तिला मी विचारलं एवढंच. ती म्हणाली, "फोन वाजला तर बघू."

नवा नंबर पाकिटावर मागे लिहिला आहे. ती साडेपाचला घरी येते, हातपाय धुऊन चहा घेते, त्यानंतर कर. टीमचं विचारायच्या आधी तू तिला काय म्हणायला हवं, ते मी तुला शिकवणार नाही. तेवढं तुझं तुला सापडलं असेल तरच नंबर फिरव.

आई